दाढेपासून डोळ्यापर्यंत : चेहऱ्यातल्या शिरांच्या वाटा

"डॉक्टर, वरची दाढ काढली तर नजर अधू होईल का हो?" महाराष्ट्रात दातांचा दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही हा प्रश्न नवा नाही. विचारणारे कधी धोतरातले आजोबा असतात, कधी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून आलेला तरुण. उत्तर ठरलेलं असतं : काही होत नाही. दाताची संवेदना नेणारी नर्व्ह वेगळी आणि दृष्टीची नर्व्ह वेगळी, त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. वरची दाढ आणि डोळा यांच्यामध्ये एक वाट खरोखरच आहे. ती शिरांची आहे. आणि त्या वाटेने डोळ्याला धोका पोचतो तो दाढ काढल्यामुळे नव्हे, तर सडलेली, पू झालेली दाढ महिनोन् महिने तशीच ठेवल्यामुळे.

ही वाट समजून घ्यायची तर आधी चेहऱ्यातल्या शिरांची ओळख करून घ्यावी लागेल. इथे शीर म्हणजे हृदयाकडे परत जाणारं रक्त नेणारी वाहिनी, आणि धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी. धमनीची भिंत जाड, आतला दाब मोठा, म्हणून तिला बोट लावलं की ठोका लागतो. शिरेची भिंत पातळ, दाब जेमतेम, ठोका नाही. आणखी एक फरक विद्यार्थ्यांना फार छळतो. धमन्या बहुतेक माणसांत ठरल्या जागी सापडतात. शिरा मात्र माणसागणिक बदलतात, एवढंच काय, एकाच चेहऱ्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूलाही सारख्या नसतात. कुठे दोन शिरा मिळण्याऐवजी वेगवेगळ्या जातात, कुठे एखादी असतच नाही. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभा असलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी हातातली आकृती आणि समोरचा गाल यांचा मेळ घालताना घामाघूम होतो तो यामुळेच. म्हणून पुढे जे सांगतोय ते बहुतेकांमध्ये दिसणारं चित्र आहे, असं समजून वाचा.

आरशासमोर उभे राहा. कपाळावरून दोन शिरा खाली येतात, एक दोन भुवयांच्या मधल्या भागातून, दुसरी भुवईच्या वरून. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी, नाकाच्या बाजूला, त्या एकमेकींना मिळतात. तिथून पुढच्या छोट्या तुकड्याला अँग्युलर व्हेन म्हणतात. डाव्या आणि उजव्या बाजूच्या शिरांना जोडणारी एक आडवी शीर नाकाच्या मुळावरून जाते. गोऱ्या, पातळ त्वचेच्या तान्ह्या बाळाच्या दोन डोळ्यांमध्ये जी निळसर रेघ दिसते ती हीच, आणि ती दिसण्यात काळजीचं काही नसतं. रक्त निळं नसतंच, शिरेतलंही गडद लालच असतं. त्वचेतून आत जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या खेळामुळे शीर बाहेरून निळी भासते.

अँग्युलर व्हेन नाकाच्या कडेने खाली उतरली की तिचं नाव फेशियल व्हेन होतं. ती हसण्याच्या स्नायूंखालून, गालातून तिरकी जाते आणि जबड्याच्या खालच्या कडेशी पोचते. ही जागा प्रत्येकाला स्वतःच्या बोटाने शोधता येते. दात घट्ट आवळा. जबड्याच्या कोपऱ्यावर चावण्याचा जो टणक स्नायू फुगून येतो त्याची पुढची कड चाचपा. आता दात सैल सोडा आणि त्या कडेच्या लगेच पुढे, हाडाच्या खालच्या धारेवर बोट हलकेच टेकवा. एक ठोका लागेल. ती चेहऱ्याची धमनी. फेशियल व्हेन तिथे तिला अगदी खेटून, मागच्या बाजूला असते, पण ठोका नसल्यामुळे बोटाला कळत नाही. गंमत अशी की धमनी चेहऱ्यावर नागमोडी चढते, कारण तोंड उघडताना, हसताना, चघळताना गाल ताणला जातो आणि तिला तेवढी सैल लांबी हाताशी लागते. शीर मात्र त्यामानाने सरळ उतरते.

दुसरा मोठा प्रवाह कानशिलाकडून येतो. डोक्याच्या बाजूच्या शिरा कानासमोरून खाली येतात, जबड्याच्या आतून आलेली एक शीर त्यांना मिळते आणि रेट्रोमँडिब्युलर व्हेन तयार होते. नाव लांबलचक असलं तरी अर्थ साधा आहे, जबड्यामागची शीर. ती कानाखालच्या लाळग्रंथीच्या आतून जाते. गालगुंड झाल्यावर सुजते तीच ही ग्रंथी. ग्रंथीत तीन महत्त्वाच्या गोष्टी थरांनी असतात : सर्वांत वर चेहऱ्याचे स्नायू हलवणारी फेशियल नर्व्ह, तिच्याखाली ही शीर आणि सर्वांत खोल धमनी. ग्रंथीत गाठ आली की एमआरआयवर नर्व्ह नीट दिसत नाही, पण शीर दिसते. म्हणून रेडिऑलॉजिस्ट शिरेवरून अंदाज बांधतात की गाठ नर्व्हच्या वर आहे की खाली. शस्त्रक्रिया किती जोखमीची होणार, तोंड वाकडं होण्याची भीती किती, हे बरंचसं त्यावर ठरतं.

जबड्याखाली या शिरेचे दोन फाटे होतात. पुढचा फाटा फेशियल व्हेनला मिळतो आणि दोघी मिळून मानेतल्या खोल, मोठ्या इंटर्नल ज्युग्युलर व्हेनमध्ये रिकाम्या होतात. मागचा फाटा कानामागून आलेल्या शिरेला घेऊन एक्स्टर्नल ज्युग्युलर व्हेन बनतो. सनईवादकाने लांब सूर धरला किंवा कुणी तावातावाने भांडायला लागला की मानेवर जी शीर ताठ उठते ती बहुधा हीच. छातीतला दाब वाढतो, रक्त खाली उतरायला अडतं आणि शीर फुगते. हृदयाचे डॉक्टर रुग्णाला अर्धवट टेकून बसवतात आणि मानेकडे टक लावून पाहतात, तेही याच कारणासाठी. विशेष काही न करताही शीर फुगलेली दिसली तर हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची कुठेतरी कोंडी होतेय.

इथवरचा नकाशा सरळ आहे : वरून खाली, चेहऱ्याकडून मानेकडे. गुंतागुंत सुरू होते ती गालाच्या खोल आत.

जीभ वरच्या शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या बाजूने जेवढी वर जाईल तेवढी न्या. तिथून आणखी आत, वरचा जबडा आणि खालच्या जबड्याचा उभा भाग यांच्या मधल्या पोकळीत, जबडा पुढे ओढणाऱ्या एका स्नायूभोवती बारीक शिरांचं दाट जाळं असतं. त्याला टेरिगॉइड प्लेक्सस म्हणतात. वरच्या आणि खालच्या दातांचं, टाळूचं, नाकाच्या आतलं आणि चावण्याच्या स्नायूंचं रक्त इथे गोळा होतं. आपण चघळतो किंवा जांभई देतो तेव्हा स्नायू या जाळ्याला दाबतो आणि रक्त पुढे सरकतं.

दाताच्या डॉक्टरांना हे जाळं पक्कं ठाऊक असतं, कारण वरच्या मागच्या दाढा बधिर करायची सुई याच्या अगदी जवळ जाते. सुई थोडी जास्त खोल गेली आणि जाळ्यातली एखादी शीर किंवा तिथली छोटी धमनी टोचली गेली, तर काही मिनिटांत, डोळ्यांदेखत, गाल सुजून वर येतो. रुग्ण घाबरतो, सोबत आलेले त्याहून जास्त घाबरतात. खरं तर हे हिरडीखाली न दिसणाऱ्या जागी साठलेलं रक्त असतं. बाहेरून दाब आणि बर्फ दिला की थांबतं, मग गाल आठवडा-दोन आठवडे जांभळा, हिरवा, पिवळा होत पूर्ववत होतो. हे टाळायला एक साधी सवय असते. सुई आत गेल्यावर औषध सोडण्याआधी सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढून पाहायचा. काचेच्या नळीत लाल धागा आला तर सुई रक्तवाहिनीत आहे. सुई थोडी हलवायची, पुन्हा पाहायचं. खालच्या जबड्याचं नेहमीचं इंजेक्शन देताना शंभरात दहा ते पंधरा वेळा असा लाल धागा येतो, म्हणजे ही काही क्वचितची भानगड नाही. पुढच्या वेळी डॉक्टर सुई टोचून क्षणभर थांबलेले जाणवले तर ते नेमकं हेच बघत असतात.

टेरिगॉइड जाळ्यातून रक्त बाहेर पडायच्या वाटा अनेक आहेत. नेहमीची वाट मागे, जबड्यामागच्या शिरेकडे. दुसरी पुढे, गालातून फेशियल व्हेनकडे. तिसरी डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी असलेल्या फटीतून डोळ्यामागच्या शिरांकडे. आणि चौथी थेट वर, कवटीच्या बुडाला असलेल्या छिद्रांतून मेंदूच्या खाली. सुरुवातीला म्हटलेली दाढ ते डोळा ही वाट ती तिसरी आणि चौथी.

पण रक्त तर हृदयाकडे जायचं असतं, मग ते डोळ्याकडे किंवा मेंदूकडे कसं जाईल? पायाच्या शिरांमध्ये झडपा दाटीने असतात आणि रक्त उलटं फिरू देत नाहीत. चेहऱ्याच्या शिरांना झडपाच नसतात, असं पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. २०१० साली न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र चेहऱ्याच्या आणि डोळ्याशी निगडित शिरांमध्ये झडपा आढळल्या. तरी जुनं वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत ठाण मांडून आहे. त्या अभ्यासाचा मुद्दा असा की झडपा आहेत की नाहीत यापेक्षा चेहऱ्याच्या शिरा आतल्या शिरांशी जोडलेल्या आहेत आणि दाब पालटला की प्रवाहाची दिशा पालटू शकते, हे महत्त्वाचं. कोकणातली खाडी डोळ्यांसमोर आणा. ओहोटीला पाणी समुद्राकडे जातं, भरतीला तेच पाणी त्याच पात्रातून गावाकडे चढतं. चेहऱ्याच्या या खोल शिरांचंही तसंच आहे. वाकलो, झोपलो, शिंकलो, कुंथलो, कुठे सूज येऊन एखादी वाट बंद झाली, की प्रवाह मोकळी वाट धरतो.

या वाटा जिथे जाऊन मिळतात ती जागा म्हणजे कॅव्हर्नस सायनस. नाकाच्या बाजूच्या हवेच्या पोकळ्यांनाही सायनस म्हणतात, त्यांच्याशी याची गल्लत नको. हा रक्ताचा सायनस आहे. मेंदूच्या बुडाला, पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना एकेक, लांबीला जेमतेम दोन सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत केवढी गर्दी! मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनी याच्या आतून जाते. धमनी पूर्णपणे शिरेच्या रक्तात बुडालेली आहे अशी शरीरात ही एकमेव जागा. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नर्व्हही धमनीला लागून आतूनच जाते. डोळा हलवणाऱ्या इतर दोन नर्व्ह आणि चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नर्व्हच्या दोन शाखा बाहेरच्या भिंतीत असतात. डावा आणि उजवा सायनस एकमेकांना जोडलेले असतात.

डोक्यातल्या एका मर्माला सुश्रुतांनी शृंगाटक म्हटलं आहे : नाक, कान, डोळा आणि जीभ यांना पोसणाऱ्या शिरा जिथे एकत्र येतात ती जागा, आणि तिथे इजा झाली तर तत्काळ मृत्यू. शृंगाटक म्हणजेच कॅव्हर्नस सायनस, असं छातीठोकपणे सांगणारे लेख फिरत असतात. मला ते जोडकाम पटत नाही. वर्णन फार मोघम आहे. पण डोक्यातल्या काही शिरांना हात लावू नये ही जाण त्यांना होती, हे निर्विवाद. रक्तमोक्षणात टोचू नयेत अशा ९८ शिरा त्यांनी सांगितल्या, त्यांतल्या ५० मानेतल्या आणि डोक्यातल्या आहेत.

कॅव्हर्नस सायनसमध्ये काय बिघडू शकतं ते दोन उदाहरणांत पाहू. पहिलं, मोटारसायकलचा अपघात. हेल्मेट नव्हतं, कवटीचा तळ तडकला. काही दिवसांनी रुग्णाचा एक डोळा लाल होतो, पुढे येतो आणि नाडीच्या तालावर हलतो. डोक्यात सतत सूं-सूं आवाज येतोय, असं तो सांगतो. डॉक्टरांनी मिटल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला तर तो आवाज त्यांनाही ऐकू येतो. झालेलं असं असतं : सायनसच्या आतून जाणारी धमनी फाटली, तिचं जोरकस रक्त थेट शिरेत घुसलं आणि डोळ्यामागच्या शिरेतून उलट्या दिशेने बाहेर आलं. दिशा पालटू शकते याचा याहून ढळढळीत पुरावा दुसरा नाही. सुदैवाने यावर उपाय आहे. मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक तार वर नेऊन ते भोक आतून बुजवतात.

दुसरं उदाहरण जंतूंचं. नाकाचं मूळ आणि ओठांचे दोन कोपरे जोडून एक त्रिकोण काढा. या त्रिकोणातली पुळी किंवा केसतोड पिळू नये, नाकातले केस उपटू नयेत, असं डॉक्टर सांगतात. इथलं रक्त अँग्युलर व्हेनमधून डोळ्यामागच्या शिरेत आणि तिथून कॅव्हर्नस सायनसमध्ये जाऊ शकतं. पिळताना आपण नेमका दाब वाढवतो. जंतू शिरेत शिरले तर आत गुठळी धरते, तीत जंतू वाढतात आणि गुठळी सरकत सायनसपर्यंत पोचते. मग ताप, भयंकर डोकेदुखी, पापण्या सुजणं, डोळा पुढे येणं. डोळा बाहेर वळेनासा होणं हे बहुधा सुरुवातीच्या लक्षणांतलं, कारण सहावी नर्व्ह आतच असते. आणि एक-दोन दिवसांत दुसऱ्या डोळ्यालाही तेच, कारण दोन्ही सायनस जोडलेले. या आजारात दहांपैकी साधारण सात वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो, आणि तो आपल्यापैकी कित्येकांच्या नाकात एरवी गुपचूप मुक्कामाला असतो.

लगेच घाबरून जायचं कारण नाही. हा आजार दुर्मीळ आहे. नाकावरची पुळी फोडणारे लाखो लोक दुसऱ्या दिवशी कामावर जातात. पण प्रतिजैविकांच्या आधी तो झालेला जवळजवळ प्रत्येक माणूस दगावत असे. चेहऱ्यावरच्या किरकोळ जखमेची तेव्हा काय दहशत होती हे दोन माणसांवरून कळतं. तुतानखामेन या इजिप्तच्या प्राचीन राजाच्या थडग्याच्या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन यांच्या गालावर डास चावला, दाढी करताना तिथे वस्तरा लागला, रक्तात जंतू पसरले आणि ५ एप्रिल १९२३ रोजी कैरोत ते वारले. लोकांनी ममीच्या शापाची गोष्ट रचली, डास आणि वस्तरा बाजूलाच राहिले. दुसरा माणूस म्हणजे ऑक्सफर्डचा पोलीस अल्बर्ट अलेक्झांडर. तोंडापाशी झालेल्या जखमेतून त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर गळवं झाली, एक डोळा काढावा लागला. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याला पेनिसिलीन टोचलं गेलं. माणसाच्या आजारावर इंजेक्शनने पेनिसिलीन देण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांतला तो एक. दिवसभरातच तो सुधारू लागला. पण औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढून पुन्हा वापरलं गेलं. पाच दिवसांत साठा संपला. १५ मार्चला तो गेला.

आता पुन्हा दाढेकडे. वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला, तो आतल्या बाजूने टेरिगॉइड जाळ्यापर्यंत पोचला आणि तिथल्या शिरांत गुठळी धरली, तर डोळा आणि कॅव्हर्नस सायनस दोन्ही टप्प्यात येतात. म्हणजे दाढ आणि डोळा यांचा संबंध जुन्या लोकांनी कदाचित प्रत्यक्ष पाहिला असेल. फक्त दोष चुकीच्या माणसावर ठेवला. दुखणं विकोपाला गेल्यावर शेवटी दाढ काढली, नंतर डोळा गेला, आणि बोल लागला दाढ काढणाऱ्याला. हा माझा तर्क आहे, पण दाताच्या खुर्चीशी उभं राहून तो बऱ्यापैकी खरा वाटतो. सुजलेल्या गालाला तव्यावर गरम केलेल्या फडक्याने शेकत घरी बसणं त्यातलंच. बाहेरून दिलेल्या शेकाने पू बाहेरच्या बाजूला, गालाच्या कातडीकडे खेचला जाऊ शकतो आणि मुख्य दुखणं जागच्या जागी राहतं. दाताची सूज डोळ्याखाली चढली, पापणी मिटायला लागली, ताप आला, एकाचे दोन दिसू लागले, तर तो दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटचा विषय नाही. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठावं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये या वाटांचा एक भीषण प्रकार पाहिला, म्युकरमायकोसिस ऊर्फ काळी बुरशी. कोविडमधून उठलेले, साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेले हजारो रुग्ण वर्षभरात आले. पुष्कळांची पहिली तक्रार दाताची होती : वरचे तीन-चार दात एकदम हलतायत, टाळू बधिर आहे. ही बुरशी रक्तवाहिन्यांची भिंतच पोखरून आत शिरते आणि तिथे गुठळी धरते. रक्त तुटलं की पेशी मरतात आणि काळ्या पडतात. काळा रंग बुरशीचा नसतो, मेलेल्या भागाचा असतो. नाक, वरचा जबडा, डोळ्याची खोबण, कॅव्हर्नस सायनस असा तिचा प्रवास असे. खालचा जबडा बहुधा वाचायचा, कारण बुरशी नाकातून येते आणि वरचा जबडा तिच्या शेजारी. अँफोटेरिसिन-बी या बुरशीवरच्या औषधाच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते. मे २०२१ मध्ये केंद्राने हा आजार सक्तीने सरकारला कळवायचा आजार ठरवायला राज्यांना सांगितलं. जबडा काढावा लागलेले कितीतरी लोक आज कृत्रिम टाळू लावून जेवतायत.

शिरांनी फक्त संकटंच आणली असं नाही. जीभ उचलून आरशात पाहा. मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन निळ्या शिरा दिसतील. उतारवयात त्या फुगीर, गाठीगाठींच्या होतात, आणि पहिल्यांदा पाहणारे कॅन्सरच्या भीतीने धावत येतात. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. घराघरांत देवघराच्या खणात किंवा पाकिटात असलेली सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयाच्या दुखण्याने छातीत कळ आली तर घ्यायची, गोळी जिभेखाली ठेवतात ती याच शिरांच्या भरवशावर. तिथली कातडी पातळ, खाली शिरा दाट. औषध शोषलं जातं, मानेतल्या मोठ्या शिरेतून थेट हृदयाकडे जातं. गिळलेली गोळी आधी आतड्यातून यकृतात जाते आणि यकृत त्यातला बराचसा भाग मोडून टाकतं. म्हणून ती गिळायची नसते. मात्र ती डॉक्टरांनी दिलेली असेल तरच, कारण रक्तदाब खाली असलेल्या माणसाला तीच गोळी आडवं पाडते.

खालच्या जबड्याबद्दल थोडक्यात. हाडाच्या आत एक बोगदा असतो, त्यातून दातांची नर्व्ह, धमनी आणि शिरा एकत्र जातात. शिरा बहुधा नर्व्हच्या वरच्या अंगाला असतात. इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दातासाठी, किंवा रुतलेल्या अक्कलदाढेसाठी हाड कोरताना अचानक गडद रक्त पाझरू लागलं तर अनुभवी सर्जन हात आखडता घेतो. नर्व्ह आता जवळ आहे. ती दुखावली तर अर्धा खालचा ओठ बधिर राहू शकतो.

रात्री दाढ जास्त का ठणकते, हा प्रश्नही बराचसा शिरांचाच. उभं असताना डोक्यातलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या मदतीने खाली येतं आणि मानेतल्या मोठ्या शिरा जवळपास चपट्या होतात. आडवं झालं की ती मदत संपते, डोक्यातल्या आणि चेहऱ्यातल्या शिरांमधला दाब वाढतो. दाताच्या आतला मऊ गाभा चारी बाजूंनी टणक भिंतींत कोंडलेला. सुजलेल्या गाभ्याला फुगायला जागाच नाही, म्हणून प्रत्येक ठोका जाणवतो. दोन उशा घेऊन डोकं वर ठेवलं की थोडं हायसं वाटतं. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली जो फुगीरपणा दिसतो त्यातही हा हिशेब असतोच.

गुरुत्वाकर्षण अजिबातच नसलं तर काय होतं, हे अंतराळवीरांवरून कळलं. अंतराळात गेल्यावर त्यांचे चेहरे सुजल्यासारखे दिसतात आणि पाय बारीक होतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या ११ जणांच्या मानेतल्या इंटर्नल ज्युग्युलर व्हेनची सोनोग्राफी केली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सहा जणांच्या डाव्या शिरेतलं रक्त थबकलेलं किंवा उलटं वाहताना आढळलं. एकाच्या शिरेत गुठळी होती, त्रास मात्र काहीच नव्हता. सोनोग्राफी केली नसती तर कळलंही नसतं. स्थानकावर रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनांचा साठा मोजकाच होता. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी तो पुरवून पुरवून वापरायला सांगितला, मग सामान घेऊन आलेल्या यानातून गोळ्या पोचल्या. मोहीम संपेपर्यंत त्या शिरेत रक्त आपणहून काही वाहू लागलं नाही. जमिनीवर उतरल्यावर मात्र ते वाहू लागलं, गुठळी शिरेच्या भिंतीला चपटी चिकटली, आणि दहा दिवसांनी पाहिलं तर ती नव्हती.